सासूबाईंसमोर खून वाचताना

माझा उजवा अंगठा जाड आहे. भांड्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं मशीन धरून ताट-वाट्यांवर नावं टाकली की अंगठा जाड होतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोबाइल बनवणाऱ्यांबद्दल. वर्ध्याच्या बाजारात स्टीलची भांडी विकणाऱ्या माणसाचा अंगठा केवढा असतो याची जराही चौकशी न करता त्यांनी सगळी बटणं एकमेकांना खेटून ठेवली आहेत.

झालं असं, की डिसेंबरच्या शेवटी सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकापाठोपाठ दोन निरोप आले. पहिला, उद्या नळ येणार नाही. दुसरा नंदिनी मॅडमचा. मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापिका. त्यांनी कॉलनीसाठी वर्षभराचं वाचन-आव्हान जाहीर केलं होतं. प्रवासवर्णनं, चरित्रं, पाकशास्त्र वगैरे सज्जन विषय लोकांनी आधीच उचलले होते. एकच विषय उरला होता: 'रोखठोक, वास्तववादी गुन्हेगारी कादंबऱ्या. वर्षात बारा. कोण तयार आहे?' मी नळाच्या निरोपाला होकाराचा अंगठा द्यायला गेलो आणि तो खालच्या निरोपाला लागला.

पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर माझं अभिनंदन सुरू झालं. फुलं आली, जोडलेले हात आले. एकानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि मग पुसलं.

आता मी वाचणारा माणूस नाही हे उघड करायला हरकत नाही. आयुष्यात मी मन लावून वाचलं ते भांड्यांवरचं. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट' हा मजकूर मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा कुणी पोथीसुद्धा वाचली नसेल. त्यामुळे संध्याकाळी मी मॅडमकडे नाव मागे घ्यायला निघालो. पण फाटकातच आमचे शेजारी ताराचंदजी भेटले. तेलाचे जुने व्यापारी. धंदा मुलांकडे दिला आहे आणि सल्ले स्वतःकडे ठेवले आहेत.

"महादेवरावजी," ते म्हणाले, "रहने दो. किताब पढना अपने दुकानवालोंका काम नहीं. आपल्याले हिशोब वाचता आला, बस्स झालं."

माणसाचा स्वाभिमान कुठे दडून बसलेला असतो सांगता येत नाही. माझा फाटकात होता. मी मॅडमकडे गेलो आणि 'तयार आहे' असं तोंडानं सांगून आलो.

मॅडमनी मला विषय समजावून दिला. "महादेवराव, यात शेवटी सगळं गोड होत नाही. कुणीच चांगलं नसतं. पोलीस लाच खातात, गुंडांना बालपण आठवतं, रस्त्यावर चिखल असतो आणि शेवटी बहुतेक सगळे हरतात."

"मग वाचायचं कशासाठी?"

"समाज कळतो."

समाज मला गल्ल्यावर बसून बराचसा कळला होता, पण मी मान हलवली.

पुस्तकं आणायची शहरातल्या एका जुन्या वाचनालयातून. तिथले लिपिक सभ्य होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि मग सांगितलं की आमची कॉलनी शहराच्या हद्दीबाहेर येते, आणि हद्दीबाहेरच्या माणसाला सभासद व्हायचं तर दोन जुने सभासद जामीन लागतात.

"मी पुस्तकच नेणार आहे ना?" मी म्हणालो. "मला कोर्टातून थोडंच सोडवायचं आहे?"

"पुस्तकं पळून जातात साहेब," ते खिन्नपणे म्हणाले.

एक जामीन मिळाला आमच्या मागच्या घरातला प्रफुल. तो सरकारी कार्यालयात कारकून आहे. सही करताना त्यानं सल्लाही दिला. "काका, पहिलं पान वाचा, शेवटचं वाचा आन् मधात शेरा मारा. आमच्याकडं फाइल अशीच निघते." दुसरा जामीन काही केल्या सापडेना. शेवटी लिपिकांनीच रजिस्टर चाळून सांगितलं की तुमच्या कॉलनीतल्या ताराचंदजींचं नाव आजीव सभासदांत आहे; त्यांच्या वडिलांनी वाचनालयाला छताचा पंखा दिला होता. ज्या माणसानं मला पुस्तकापासून दूर राहायला सांगितलं होतं, त्याच्याच दारात मला सहीसाठी उभं राहावं लागलं. त्यांनी सही केली, पण वर म्हणाले, "वाचताना त्याच पंख्याखाली बसजा. पिताजी का है."

पहिल्या कादंबरीत पहिल्याच पानावर नाल्यात प्रेत सापडतं. ते नाल्यातून बाहेर काढायला मला फेब्रुवारी उजाडला. दुकानातून घरी यावं, जेवावं, पुस्तक उघडावं आणि दुसऱ्या परिच्छेदाला घोरावं, असा क्रम होता. बायको ज्योत्स्ना उशाशी पडलेलं पुस्तक उचलून ठेवायची. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या दोन कादंबऱ्या झाल्या होत्या. पाकशास्त्र घेतलेल्या बाईंची सात पुस्तकं झाली होती आणि त्यांच्या यजमानांचं वजन वाढलं होतं.

अशा स्थितीत जुलैमध्ये आमच्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या.

सासूबाईंचं नाव वच्छलाबाई. देवळीच्या. वावरात वांगी, पालक, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवायची, बाजारात विकायची, यात त्यांचा जन्म गेला. आता ते मेहुण्यानं, धीरजनं सांभाळलं आहे. म्हणजे तो काम करतो आणि त्या फोनवरून चुका काढतात. त्यांचं माझं नातं अतिशय चांगलं होतं, कारण आम्ही बोलत नव्हतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी त्या मला बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढत आणि विचारत, "बरे हात?" मी म्हणे, "बरं आहे." निघताना मी म्हणे, "येतो." त्या म्हणत, "येजा." एवढ्या शिदोरीवर आम्ही पंचवीस वर्षं काढली.

एक डोळा झाला, दुसरा दिवाळीनंतर करायचा ठरलं, आणि मधल्या काळात त्या आमच्याकडेच राहिल्या. डॉक्टरांनी सुरुवातीला टीव्ही बघू नका म्हणून सांगितलं. ज्या बाईनं आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही, तिला दिवसभर काळा चष्मा लावून बसवून ठेवायचं म्हणजे काय असतं ते आमच्या घराला विचारा. त्यांनी बसल्या जागेवरून ज्योत्स्नाच्या स्वयंपाकाचे वास घेऊन चुका काढायला सुरुवात केली.

एका रविवारी मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलो होतो. त्या म्हणाल्या, "काय वाचून राह्यले?"

पंचवीस वर्षांतलं हे पहिलं नवं वाक्य. मी गडबडलो. "खुनाचं आहे."

"मंग मनातल्या मनात काऊन वाचता? मोठ्यानं वाचा ना. आमाले बी कळू द्या कोन मेलं."

मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आपण फसलो. या कादंबऱ्यांत माणसं एकमेकांशी बोलतात ती शिव्यांतच. डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या सासूसमोर ते कसं उच्चारायचं? पहिली शिवी समोर आली तेव्हा मला घाम फुटला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे गृहस्था!" तेव्हापासून आमच्या घरातले सगळे गुंड एकमेकांना 'गृहस्था' म्हणू लागले. "ए गृहस्था, तुला जिवंत सोडणार नाही." "तुझ्या आईला... नमस्कार सांग." शृंगाराचं पान आलं की मी दोन पानं एकदम उलटून म्हणे, "मग सकाळ झाली."

चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "ह्या पुस्तकात सकाळ लय वेळा होते बाप्पा."

ज्योत्स्ना आत भाजी फोडणीला टाकत होती, तिला ठसका लागला.

पण खरी अडचण वेगळीच होती. पन्नासएक पानं झाली की सासूबाई खुनी ओळखत. म्हणजे ओळखला असं जाहीर करत. आणि त्यांचा खुनी ठरलेला होता.

"जवाई."

"अहो, पण त्या दिवशी जावई नाशिकला होता."

"गेला असन. आला असन."

पुढच्या पुस्तकात जावई मुळातच नव्हता. मी तसं अदबीनं लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, "नाई कसा? पोरगी लग्नाची दाखवली का नाई? मंग जवाई असनच. लपवून ठेवला हाय त्यानं." शेवटी खुनी वेगळाच निघाला की त्या लेखकावर रुसत. "याले समजलंच नाई," म्हणत. "जवाई कसा असते माहीत हाय का? गोड बोलते, खाली पाहते, बरं हाय म्हनते. तोच धोक्याचा."

खाली बघून 'बरं आहे' म्हणणारा या घरात एकच इसम होता. मी पान उलटलं.

हळूहळू व्हरांड्यात गर्दी वाढू लागली. आधी शेजारच्या जिजाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलायला आल्या. मग कुणी पालक निवडायला, कुणी वाती वळायला. प्रफुल फाटकाबाहेर गाडी पुसत उभा राही; एकच गाडी तासभर पुसली जाई. ताराचंदजी म्हणत, मी फिरायला निघालो आहे. मग ते आमच्या घरासमोर थांबत, चपलेत खडा गेला म्हणत, आणि तो खडा निघेपर्यंत प्रकरण संपे. आठवड्यानं ते घरून खुर्चीच घेऊन आले. मी जुळवाजुळव करून, शिव्या गाळून, सकाळींची संख्या वाढवून वाचत होतो, आणि पुस्तकं भराभरा संपत होती. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. गल्ल्यावरसुद्धा डोक्यात तेच चालू असे.

त्याचा परिणाम धंद्यावर झाला. पुलगावचे एक मामा भाचीच्या लग्नासाठी ताटं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते सगळी ताटं घेऊन परत आले आणि एक माझ्या नाकासमोर धरलं. मी 'मामाकडून सप्रेम भेट' ऐवजी 'मामाकडून शेवटची भेट' कोरलं होतं. सगळ्या ताटांवर, सुबक अक्षरात.

"लग्न हाय साहेब," मामा म्हणाले. "तेरवी नाई."

मी नवी ताटं दिली, चहा पाजला, वर एक कढई दिली. जुनी ताटं अजून दुकानात आहेत. कुणाला खरोखर संबंध तोडायचे असतील तर विचार करावा.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. दुसरा डोळा होऊन गेला, डिसेंबर लागला, आणि बारावी कादंबरी सुरू झाली. काय पुस्तक होतं! कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाचा खून, सगळं गाव संशयित, आणि दर दहा पानांना एकेक जण सुटत जाणारा. शेवटच्या रविवारी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात सासूबाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मेलेल्याचा जवाई पाहा. मेलेल्याच्या घरी येते, चहा पेते, बोलत नाई. आमच्या महादेवरावावानी."

बायका हसल्या. ताराचंदजी जरा जास्तच हसले. मी खाली पाहून पुस्तक उघडलं. पण आत कुठे तरी गरम झालं.

मी वाचत गेलो. फौजदार सगळ्यांना मालकाच्या अंगणात जमवतो. दार लावून घेतो. सगळ्यांकडे एकदा पाहतो. "आणि तो वळून म्हणाला, खून करणारी व्यक्ती..."

मी पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता. शेवटची पंधरा-वीस पानं गळून गेली होती.

व्हरांड्यात शेंगा सोलायचा आवाज थांबला होता. प्रफुलच्या हातात फडकं तसंच होतं. सासूबाई काळा चष्मा काढून माझ्याकडे बघत होत्या, दोन्ही नव्या डोळ्यांनी.

"कोन?" त्या म्हणाल्या. "जवाईच ना?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "सासू."

त्या कादंबरीत सासू, म्हणजे मेलेल्या मालकाची बायको, होती, पण किती? एका पानावर पाट्यावर चटणी वाटते, एवढीच. मी ती उचलली. पुठ्ठ्यावर नजर ठेवून मी बोलत सुटलो. त्या सासूला घरात कुणी कधी काही विचारलंच नाही, असं फौजदारानं सांगितलं. जावई येतो, बरं आहे म्हणतो, निघून जातो. सगळ्यांना वाटतं ती नुसती चटणी वाटते. पण वर्षानुवर्षं पाटा चालवलेल्या हातात किती जोर असतो, याचा कुणी विचार केला का? मालकाच्या डोक्यात घातला तो वरवंटा! आणि वर दुसऱ्या दिवशी त्याच वरवंट्यानं चटणी वाटून सगळ्यांना वाढली! आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो. शेवटी मी पुस्तक मिटलं. जिजाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ताराचंदजी म्हणाले, "वा! क्या दिमाग लगाया!"

सासूबाई मात्र उठून आत गेल्या. दोन दिवस त्यांनी मला 'बरे हात' सुद्धा विचारलं नाही. ताटात भाकरी वाढताना पदर नेहमीपेक्षा बराच पुढे होता. मला रात्री जेवण जाईना. पंचवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट मी अर्ध्या तासात फोडली, असं वाटत राहिलं.

निदान खरा शेवट तरी मिळवावा म्हणून मी वाचनालयात गेलो. लिपिकांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"पानं कुठं गेली?"

"तेच विचारायला आलो."

"तुम्ही नेलं तेव्हा नव्हती, याला पुरावा काय? अर्ज करा. सोबत पानं नसल्याबद्दल दोन साक्षीदारांच्या सह्या आणा."

जी पानं नाहीत ती नाहीत हे बघितलेले साक्षीदार आणायचे कुठून, या विचारात मी घरी आलो.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात आव्हानाचा समारोप होता. प्रत्येकानं आवडलेल्या पुस्तकावर बोलायचं होतं. मी मुद्दाम पहिल्या कादंबरीवर तयारी केली होती, नाल्यापासून. पण उभा राहिलो तोच मागून आरोळी आली, "ते सासूवालं सांगा!" मग प्रफुल ओरडला, मग सगळे. मी घाईघाईत दोन वाक्यांत आटपलं.

"एक मिनिट," नंदिनी मॅडम म्हणाल्या. "कोणती सासू? ही कादंबरी माझ्याकडे आहे. त्यात खून कंपाउंडरनं केला आहे."

सभागृहात खळबळ उडाली.

"कंपाउंडर?" ताराचंदजी उभे राहिले. "वो तो दो बार आया पूरे किताब में!"

"मॅडम, तुमची प्रत जुनी असन," प्रफुल म्हणाला. "सुधारित आदेश निघाला असन."

मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. कंपाउंडरच होता. जिजाबाई म्हणाल्या, "शी, हे काय?"

मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. "मंग सासूचं कोनं लिहिलं?"

ज्योत्स्ना छताकडे बघत होती. तिथे बघूनच ती म्हणाली, "आई, त्या दिवशी यायनं अर्धा तास वाचलं, पन पान एकदाई नाई उलटलं."

म्हणजे हिला माहीत होतं. इतके दिवस माहीत होतं, आणि ती मला निवांत पोळ्या वाढत होती.

"म्हंजे," सासूबाई माझ्याकडे वळल्या, "खून माह्याकडून तुमी करवला?"

"नाही, तसं नाही, ती पुस्तकातली..."

"खाली नोका पाहू. इकडं पाहा."

मी पाहिलं. त्यांच्या डोक्यावरचा पदर मागे सरकला होता आणि त्यांनी तो ओढला नव्हता.

"पंचवीस वर्स झाले," त्या म्हणाल्या. "आले का बरं हाय, गेले का येतो. राग नाई, लोभ नाई. चहात साखर नसली तरी पिऊन घेते हा मानूस. मी पोरीले म्हनो, तुहा नवरा हाय का देव्हाऱ्यातला बाळकृष्ण हाय? मले भेव वाटे. म्हनून त मी जवाई-जवाई करत होती, का कधी तरी चिडतीन, तोंड उघडतीन." त्यांनी श्वास घेतला. "उघडलं एकदाचं! आता बरं वाटलं मले. दोन दिवस मी इचार करत होती, का ह्यायले माह्या हातातला जोर कसा काय माहीत?"

पहिली हसली ती ज्योत्स्ना. मग सगळं सभागृह हसलं, आणि मीही. कसा ते मला कळलं नाही, पण बराच वेळ हसलो.

"पन एक चुकलं तुमचं," सासूबाई पुन्हा बसता बसता म्हणाल्या. "वरवंट्यानं नसतं मारलं मी. घरचा वरवंटा कोन खराब करते? इळा घेतला असता."

मॅडम नियमाच्या पक्क्या. शेवटची पानं वाचल्याशिवाय बारावं पुस्तक धरता येणार नाही म्हणाल्या. तेव्हा ती मी तिथेच उभ्यानं मोठ्यानं वाचली. कंपाउंडरच्या नावानं लोक ओरडत होते. एका ठिकाणी शिवी आली, मी 'गृहस्था' वाचलं, आणि मॅडमनी पुस्तकात डोकावून पाहिलं. तरी प्रमाणपत्र मिळालं. ते सासूबाईंनी माझ्या हातातून घेतलं आणि पिशवीत टाकलं. धीरजला दाखवायचं म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी त्यांना देवळीच्या बसमध्ये बसवून द्यायला गेलो. पिशव्या वर ठेवल्या, खिडकीची जागा धरून दिली. कंडक्टर आला. त्यानं सासूबाईंचं कार्ड पाहिलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे सोबत हात का?"

"सोडाले आले," सासूबाई अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "माहे जवाई होत. मोठे वाचनारे हात. यायनं मले खुनी केलं."

सगळी बस माझ्याकडे वळली. पालकाच्या जुड्या घेऊन बसलेली एक बाई जरा सरकून बसली. एरवी मी खाली पाहून 'येतो' म्हणालो असतो. त्या दिवशी मी शर्ट नीट केला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सावकाश खाली उतरलो.

बस सुटली. खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

"रविवारी देवळीले येजा!" त्या ओरडल्या. "आन् पुस्तक फाटकंच आनजा, पुरं नोको!"